एपिसेंटरची राखण

भूकंपाच्या आधी एपिसेंटर हा शब्द त्या शहरात कुणाच्या बापाने ऐकला नव्हता. नंतर मात्र तो असा बोकाळला की विचारू नका. बटाटे महागले की वर्तमानपत्रात यायचं, भाववाढीचा एपिसेंटर घाऊक बाजार. न्हाव्याच्या खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक गाल धरून सांगायचं, ही शेवटची दाढ आहे ना, हा एपिसेंटर. नव्या सुना एकमेकींच्या कानाला लागायच्या, आमच्या घरच्या भांडणांचा एपिसेंटर म्हणजे सासूबाई. आणि हसायच्या. हसोत बिचाऱ्या. ज्यांच्या घरातलं कुणी गेलं नाही त्यांनी हसायचं नाही तर कुणी?

एकाच बाईने हा शब्द थट्टेत कधी वापरला नाही. तिला सगळे मावशी म्हणत, खांबवाल्या मावशी. शहराच्या कडेला शिवणकामाचा मोठा कारखाना होता, खाली मशिनी आणि वर मुलींच्या राहायच्या खोल्या. भूकंपात तो भर दुपारी पत्त्यांच्या बंगल्यासारखा खाली बसला. त्या जागी आता बाग आहे. बागेच्या मधोमध सिमेंटचा उंच खांब, खांबावर वरती मोठ्या अक्षरांत 'एपिसेंटर' आणि त्याखाली गेलेल्या मुलींची नावं. मावशीचं काम म्हणजे सकाळी फाटक उघडायचं, पानं झाडायची, खांब ओल्या फडक्याने पुसायचा आणि बघणारे लोक आले की त्यांना सांगायचं, "इथंच एपिसेंटर होता. जमीन इथंच हलायला लागली. इथं काहीही उभं राहणं शक्य नव्हतं."

ही वाक्यं तिला बिल्डरसाहेबांनी शिकवली होती. कारखान्याची इमारत त्यांनीच बांधलेली. बाग त्यांनीच केली, खांबही त्यांनीच उभारला आणि मावशीला नोकरीही त्यांनीच दिली. दरवर्षी त्या तारखेला ते यायचे, खांबापुढे उभे राहायचे आणि रडायचे. रडणं त्यांना चांगलं जमायचं. चष्मा काढायचे, पुसायचे, पुन्हा घालायचे.

नावांपैकी एक नाव मावशीच्या मुलीचं होतं. घरी तिला लवंगी म्हणत. चणीने एवढीशी, पण बोलायला लागली की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी. खांब पुसताना मावशी त्या नावाशी आली की थांबायची, बादलीतलं पाणी ओतून द्यायची, नवं भरायची, फडकं स्वच्छ धुऊन पिळायची आणि मग पुसायची. बाकीच्या पोरींनी रागावू नये म्हणून त्यांच्या नावांवरूनही एकदा तेच फडकं फिरवायची.

आता मूळ गोष्ट ऐका. त्या शब्दावाचून मावशी जगली नसती, ती का ते.

लवंगीला कारखान्यात नोकरी लागली तेव्हा बाप नको म्हणाला होता. बाप म्हणजे मावशीचा नवरा, सळईकाम करणारा. इमारतीच्या खांबांत आणि स्लॅबमध्ये लोखंडी सळया असतात ना, त्या कापायच्या, वाकवायच्या, तारेने बांधायच्या, हा त्याचा धंदा. माणूस अबोल. पण त्या दिवशी जेवता जेवता म्हणाला, "तिला तिथं नको पाठवू."

"का?" मावशीने विचारलं.

"नको म्हणतो ना."

"अहो, पण का? पोरीच्या जातीने घरात बसून भांडीच घासायची का? मी घासली तेवढी पुरे नाहीत?"

"नोकरी करू दे. राहायला नको. रोज जाऊन येऊन करू दे."

"एवढ्या लांबून? पहिली पाळी पहाटे सुरू होते. तुम्ही सोडायला जाणार आहात का?"

तो ताट घेऊन उठला. दोन-तीन दिवस घरात धुसफूस चालली. लवंगी पाय आपटत होती, मावशी तिच्या बाजूने कंबर कसून उभी होती. "ह्यांचं हे असंच," ती पोरीला ऐकवायची, "कारण विचारलं की नुसतं नको म्हणायचं. बायकांनी जरा पुढं पाऊल टाकलं की ह्यांच्या पोटात दुखतं." शेवटी मावशीनेच पोरीची पेटी भरली, मावशीनेच तिला त्या वरच्या खोलीत नेऊन सोडलं. खिडकीजवळची खाट मिळावी म्हणून दुसऱ्या एका मुलीच्या आईशी तावातावाने भांडलीसुद्धा. ती खाट मिळाली. जिंकल्याच्या आनंदात घरी आली.

मग तो दिवस आला. लवंगीची पहाटेची पाळी संपली होती. ती वर झोपली होती, खिडकीजवळ.

ढिगाऱ्याभोवती आईबाप जमले तेव्हा कुणाच्या हातात वीट होती, कुणाच्या हातात सळईचा तुकडा. आणि बिल्डरसाहेब गाडीतून उतरत होते. लोकांनी त्यांना फाडून खाल्लं असतं. शेजारची पिठाची गिरणी बापजाद्यांच्या काळातली, तिचं कौलसुद्धा हललं नव्हतं आणि ही नवीकोरी इमारत भुईसपाट. लोक आंधळे नव्हते. पण बिल्डरसाहेब एका मोडक्या मशिनीवर चढले, हात जोडले आणि म्हणाले, "हा एपिसेंटर आहे. भूकंप इथंच जन्मला. इथं राजवाडा असता तरी पडला असता. आपलं नशीब, दुसरं काय?"

शब्द इंग्रजी, म्हणजे खरा असणार. सरकारी माणसंही दुसऱ्या दिवशी तोच बोलू लागली, मग वर्तमानपत्रंही. आईबापांनी हातातल्या विटा खाली टाकल्या. नशिबाला कुठं विटा मारता येतात?

मावशीने मात्र तो शब्द दोन्ही हातांनी धरला. का नाही धरणार? पोरीला तिथं नेऊन सोडणारी तीच. एपिसेंटर म्हणजे ज्यापुढं कुणाचं काही चालत नाही. म्हणजे खाट खिडकीजवळ असो की दाराजवळ, आईने भांडून मिळवलेली असो की आयती, सगळं सारखंच. हा शब्द मनात घोळवत तिला झोप लागायची. वेड लागायचं ते लागलं नाही.

आणि दुसरी गोष्ट नवऱ्याची. इतक्या वर्षांत तो एकदाही म्हणाला नाही, "मी नको म्हणत होतो." एकदाही नाही. दुसरा कुणी असता तर उठता-बसता टोचून खाल्लं असतं. शेजारच्या घरात साधी वाटी हरवली तर नवरा बायकोला महिनाभर सुनावतो. ह्याने सळईकाम सोडलं, धोब्यांना लागतात ते तारेचे हँगर वाकवायला घेतले, दारात बसून दिवसभर तेच करायचा, पण बायकोला एका शब्दाने दोष दिला नाही. मावशी बायकांना सांगायची, "देवमाणूस आहे हो. माझी मेलीची लायकी नाही." त्याच्या ताटात गरम वाढायचं म्हणून ती मागून जेवायची.

असं सगळं सुखाने नाही म्हणवत, पण सुरळीत चाललेलं असताना एक दिवस शाळेची सहल आली. पोरांची रांग, हातात डबे आणि बरोबर भूगोल शिकवणाऱ्या बाई. मावशीने नेहमीचं म्हटलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग पोरांकडे वळून शिकवायला लागल्या. त्यांचाही दोष नाही, त्यांचं कामच ते.

"जमिनीच्या खाली, खूप खोल, खडक तुटतो," बाई म्हणाल्या. "तो तुटतो त्याच्या अगदी डोक्यावर, जमिनीवर जी जागा असते, तिला एपिसेंटर म्हणायचं. बस्स, एवढाच अर्थ. जिथं जास्त घरं पडली ती जागा म्हणजे एपिसेंटर नव्हे. लोक तसं म्हणतात, पेपरवालेही लिहितात, पण ते बरोबर नाही. घर पडतं की राहतं हे खालची माती कशी आहे आणि घर कसं बांधलंय त्यावर असतं."

"मग हा एपिसेंटर नाही?" कुणीतरी विचारलं.

बाईंनी मावशीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "त्या भूकंपाचा एपिसेंटर डोंगरात होता, खिंडीच्या वरच्या वस्तीपाशी."

मावशीच्या हातात झाडू होता. ती म्हणाली, "बाई, मग तिथं किती माणसं गेली?"

"तिथं? कुणी गेल्याचं मी तरी वाचलेलं नाही."

पोरं खांबाभोवती पळापळी खेळू लागली. मावशीने मान वर केली तर समोर पिठाची गिरणी. रोज समोर असायची. आत पट्टा फिरत होता, पिठाने पांढरी झालेली माणसं पोती उचलत होती.

तिने नवऱ्याला काही सांगितलं नाही. बहिणीकडे जाते म्हणाली आणि खिंडीची बस धरली. मनात एकच धरून निघाली होती, बाई खोटं बोलत असू देत. वर सगळी वस्ती उद्ध्वस्त झालेली असू दे. दुसऱ्याचं वाईट चिंतू नये म्हणतात, पण ती सगळा घाट चढेपर्यंत तेच चिंतत होती. आईचं काळीज असंही असतं.

वस्ती जुनीच होती. दगडमातीच्या बुटक्या भिंती, लाकडाची जाड तुळई, अंगणात वाळत घातलेले कपडे. एक म्हातारी उन्हात शेंगा सोलत बसली होती. मावशीने पाणी मागितलं आणि भूकंपाचं विचारलं.

"झाला होता तर!" म्हातारी खुशीत आली. बऱ्याच दिवसांनी कुणी विचारलं असावं. "असा हलला गं बाई, मला वाटलं म्हैसच दावं तोडून घरात शिरली. फळीवरच्या बरण्या पडल्या सगळ्या. आमच्या ह्यांनी तर धोतर सोडून ठोकली धूम. अजून चिडवतो आम्ही."

"भिंती पडल्या असतील."

"भिंत कशाने पडते? सासऱ्यांनी स्वतः बांधलेली. ये, चीर दाखवते तुला."

ती उठली, मावशीला हाताला धरून आत घेऊन गेली आणि दारामागची चीर दाखवली. अंगठ्याचं नख जेमतेम शिरेल एवढी. म्हातारीने चिरेवरून कौतुकाने हात फिरवला. "एवढंच. तुमच्या तिकडं फार झालं म्हणे?"

"हो," मावशी म्हणाली. "बरण्या पडल्या."

परतीच्या बसमध्ये ती रडली नाही. तिला राग आला होता, आणि किती वर्षांनी आला होता! बिल्डरच्या नरडीचा घोट घ्यावा असं वाटत होतं. घरी जाऊन नवऱ्याला सगळं सांगायचं, दोघांनी मिळून गिरणीच्या ओट्यावर उभं राहून ओरडायचं. त्याला सळईकाम कळतं, तो लोकांना नीट समजावून सांगेल. त्याच्याइतका पोरीचा कैवार दुसरं कोण घेणार? एवढाच आधार बांधून ती उतरली.

तो दारात बसला होता, पायाशी तारेचं वेटोळं. तिने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही.

"अहो, ऐकलंत का? एपिसेंटर इथं नव्हताच मुळी. वर खिंडीत होता. मी आत्ता तिथूनच येते आहे. तिथं बरण्या पडल्या हो फक्त! आपल्याला फसवलं त्या मेल्याने. इमारतच खोटी होती."

त्याने हातातला हँगर पूर्ण केला, ढिगात टाकला, दुसरी तार घेतली. चकित झाला नाही, काय म्हणतेस म्हणाला नाही. नुसता वाकवत राहिला.

"अहो, बोला की काहीतरी!"

"काय बोलू?"

आणि मग मावशीला कळलं. कसं कळलं ते विचारू नका, इतकी वर्षं ज्याच्या ताटात वाढलं त्याची पाठसुद्धा ओळखीची असते. ती हळूच उंबऱ्यावर बसली.

"ती इमारत तुम्ही बांधली होती?"

"सळईकाम आमच्या टोळीकडं होतं."

"मला कधी बोलला नाहीत."

"तेव्हा किती इमारती चालू असायच्या. तू कधी विचारलंस कुठली ते?"

"आता विचारते."

त्याने तार खाली ठेवली. उजवा हात पुढे केला, बोटं जुळवून. "खांबात उभ्या सळया असतात. त्यांना बाहेरून रिंगा घालतात, कवेत घेतल्यासारख्या. ह्या एवढ्या अंतरावर पाहिजे रिंग, चार बोटांवर. म्हणजे हादरा बसला तरी सळया फाकत नाहीत." मग त्याने बोटं ताणली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. "साहेब म्हणाले, वितीवर टाक. कोण बघतंय आत? आम्ही वितीवर टाकल्या."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

"सगळीकडे तसंच चालायचं. वितीवर बांधलेल्या कितीतरी उभ्या आहेत अजून. जमीन हलेल हे कुणाला ठाऊक?"

"पण नको म्हणाला होतात तुम्ही." मावशीचा आवाज फाटला. "तिला पाठवू नको म्हणाला होतात. मी जिवाचा आटापिटा करून विचारत होते, का म्हणून! एक शब्द बोलला असतात तर! मी पायांवर डोकं ठेवून तिला घरात ठेवली असती. दार लावून ठेवली असती!"

"बोललो असतो तर तू गावभर केलं असतंस. टोळी उपाशी मेली असती." त्याने खाली बघितलं. "आणि मला लाज वाटली. पोर समोर बसली होती."

मावशी पुढे वाकून हसली की रडली, तिचं तिलाच ठाऊक. "आणि मी सगळ्यांना सांगत फिरले, देवमाणूस आहे म्हणून. कधी टोचून बोलत नाही म्हणून. कसा बोलणार हो तुम्ही? कुठल्या तोंडाने बोलणार होता? मी इतकी वर्षं स्वतःला खात होते आणि तुम्ही शेजारी बसून बघत होतात! ताटातलं गरम खात होतात!"

"मला वाटलं, तुला त्या शब्दाने बरं वाटतंय. म्हणून राहू दिलं."

"मला नाही, तुम्हाला बरं वाटत होतं."

तो उठला. दारातल्या तारा गोळा करायला लागला. मग उगाचच, पाठमोरा असताना म्हणाला, "तो बागेतला खांब आहे ना, त्याचंही सळईकाम माझंच. साहेबांनीच बोलावलं, बाप आहेस म्हणाले, तूच कर. त्याला चार बोटांवर रिंगा घातल्यात. मी विचारलंसुद्धा नाही. साहेब स्वतः उभे राहून मोजत होते."

त्या दिवशी मावशीने आधी स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि गरम गरम जेवली.

सकाळी तिने फाटक उघडलं. कुठं जाणार? नोकरी सोडली तर पोरीच्या नावावरून फडकं कोण फिरवणार? बादली भरली, पानं झाडली. ऊन वर येईपर्यंत एक कुटुंब आलं, नवरा, बायको, सासू. दूरची माणसं दिसत होती, चांगली होती, चपला काढून खांबाजवळ आली.

"मावशी," बायकोने मान वर करून अक्षरं वाचत विचारलं, "इथंच ना तो एपिसेंटर?"

"नाही," मावशी म्हणाली. "तो वर डोंगरात होता. तिथं बरण्या पडल्या."

तिघं एकमेकांकडे बघायला लागली. सासू सुनेच्या कानाशी लागली, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय वाटतं. नवऱ्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं म्हणून त्याने खांबावर थाप मारली. "खांब मात्र मजबूत आहे हं, मावशी."

"आहे ना," मावशी फडकं पिळत म्हणाली. "हा नाही पडायचा. ह्याच्या रिंगा चार बोटांवर आहेत. माझ्या नवऱ्याने बांधल्यात. त्याला येतं ते काम."